नवनीतचा कोंबडा

खांडबाऱ्यात ज्याच्या घरी वायरचं इंटरनेट आहे त्याला रंजिता ठाऊक नाही असं होत नाही, कारण इंटरनेट गेलं की पहिला फोन तिला आणि पहिली शिवीही तिलाच. स्टेशनच्या रस्त्यावर, कापडाच्या दुकानाच्या माडीवर, धर्मेंद्रभाईंचं ऑफिस आहे. धर्मेंद्रभाई मुळात तापीकाठचे केळीवाले; बागेनं हात दिला आणि मग त्यांना इंटरनेटचा नाद लागला. ऑफिसच्या भिंतीवर मोठा टीव्ही आहे आणि त्यावर दिवसभर एकच चित्र: कुठल्या गावाच्या लाईनवरून किती डेटा वाहतोय, कुठली लाईन हिरवी, कुठली लाल. त्या चित्रावर नजर ठेवायची, हे रंजिताचं गेल्या सात वर्षांचं काम.

मार्चातल्या त्या गुरुवारी सकाळी हे नजर ठेवायचं सॉफ्टवेअर बदललं. अपग्रेड म्हणतात त्याला. हा शब्द ज्यानं काढला त्याला एक दिवस रंजिताच्या खुर्चीत बसवायला हवं. दहा वाजता नवी आवृत्ती चढली आणि टीव्हीवरच्या सगळ्या रेषा पुसल्या गेल्या. गावांची नावं जागच्या जागी, पण डेटाचा पत्ता नाही. सुरतेहून कंपनीची भाविका फोनवर होती. अर्धं हिंदी, अर्धं गुजराती बोलायची, आणि दर दोन वाक्यांनंतर "टेन्शन नको, रंजिताबेन" म्हणायची. आकडे गोळा करणारा भाग सुरूच झाला नव्हता, त्याला जुन्या फोल्डरात लिहायची परवानगी नव्हती. ती दिली तेव्हा रेषा आल्या, पण साडेपाच तास मागे. दुपारी साडेबाराला टीव्हीवर सकाळचे सात वाजले होते. घड्याळ भारताच्या वेळेवर आणलं आणि सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं.

आणि कोंबडा आरवला.

रंजिताच्या हातातून माऊस सुटला. टीव्हीच्या खालच्या स्पीकरमधून कोंबडा पूर्ण दमानं, शेवटपर्यंत आरवला, आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरं उमटली: नवनीत. संपर्क नाही. ३३१ दिवस.

नवनीत त्यांच्याकडचा लाईनमन. धानोऱ्याचा. तो जाऊन ३३१ दिवस झाले होते, हे रंजिताला मोजून बघावं लागलं नाही.

या कोंबड्याचं प्रकरण आधी सांगायला हवं. धर्मेंद्रभाईंच्या प्रत्येक लाईनमनच्या पिशवीत तळहाताएवढी एक डबी असते. खांबाखालच्या पेटीत ती जोडली की टीव्हीवर त्याचं नाव हिरवं होतं, म्हणजे माणूस जागेवर पोचला. काम आटोपलं की आधी ऑफिसला फोन करायचा आणि मगच डबी काढायची. फोन न करता डबी निघाली तर नाव लाल होतं आणि दहा मिनिटांनी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की लाईनमनला फोन लावायचा. दोनदा उचलला नाही तर स्वतः जायचं नाहीतर कुणाला तरी पिटाळायचं. खांबावर चढणाऱ्या माणसासाठी एवढाच काय तो नियम होता.

आता नवनीत म्हणजे चहाचा भक्त. काम झालं की डबी ओढायची, पिशवीत टाकायची आणि टपरी गाठायची, फोन-बिन नंतर. दिवसातून चारदा त्याच्या नावानं भोंगा वाजायचा, चारदा रंजिता फोन लावायची, आणि हा पठ्ठ्या बशीतला चहा फुंकत म्हणायचा, "जित्ता शे ताई, जित्ता शे." शेवटी त्यानंच एकदा ऑफिसात येऊन स्वतःच्या नावाला कोंबड्याचा आवाज लावला. म्हणाला, निदान तुले हसू तरी ईन. पहिले आठ दिवस सगळे हसले. मग ऑफिसात आलेलं गिऱ्हाईक दचकायला लागलं, खालचा कापडवाला कुरकुर करायला लागला, आणि कोंबडा सगळ्यांच्या डोक्यात बसला.

तो गेला त्या दिवशी खांडबाऱ्याचा बाजार होता. ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळपासून कोंबडा तीनदा आरवला होता आणि तिन्ही वेळा नवनीत चहा पीत होता. दुपारी तीनला आठ मिनिटं कमी असताना रंजितानं त्याच्या नावावर जाऊन आवाज बंद केला. म्यूट. किती वेळासाठी, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. एक तास निवडायला यादी उघडावी लागत होती आणि समोर एक म्हातारा मोबाईल नाचवत उभा होता. तिनं वरचंच जे होतं ते दाबलं: कायमचं. संध्याकाळी काढू, असं मनाशी म्हणाली.

तीन वाजून दहा मिनिटांनी नवनीत विसरवाडीकडच्या एका खांबावरून पडला. पडताना पिशवीच्या पट्ट्यात डबीची वायर अडकून ती निघाली. सव्वासहाला बकऱ्या परत नेणाऱ्या एका बाईला तो दादर ज्वारीच्या शेतात सापडला, आणि दवाखान्याच्या वाटेवर गेला. पट्टी-बिट्टी करायची वेळच आली नाही. तिथला डॉक्टर नवनीतच्या धाकट्या भावाला, भाग्येशला, म्हणाला की रक्त हळूहळू गेलंय, तासाभरापूर्वी आणला असता तर वाचला असता. रंजिता भाग्येशच्या मागे उभी होती. तिनं ते शब्द ऐकले आणि तेव्हापासून ते तिच्या कानातून गेले नाहीत.

कोंबडा का आरवला नाही, हे सगळ्यांनीच विचारलं. रंजिता म्हणाली, माहीत नाही. तेवढे दोनच शब्द, पण तोंडातून निघाले ते निघाले. धर्मेंद्रभाईंनी ठरवून टाकलं की सॉफ्टवेअर जुनं झालंय. दहाव्याला धानोऱ्याला गेले तेव्हा ते नवनीतच्या आईला, दगूबाईला, हात जोडून म्हणाले, "यंत्रानं दगा दिला, माय. मी नवीन आणतो." दगूबाई त्यांच्याकडे न बघता रंजिताकडे बघत होती. म्हणाली, "मशीनले काय माया ऱ्हास का, पोरी?" यंत्राला माया असते का, या प्रश्नावर रंजितानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही.

म्हणजे हे अपग्रेड आलं होतं ते तिच्या खोट्यापायी.

नवनीतचं नाव यादीतून काढायला कुणाचाच हात धजला नव्हता, तिचा तर नाहीच. आवाज बंद असल्यामुळे ते नाव अकरा महिने मुकाट लाल राहिलं होतं. आणि तिला दिवसा-उजेडी छळणारी गोष्ट हीच होती: त्या दिवशीही ते लालच होतं. तिच्या डोक्यावर, भिंतीवर, तीन तास. ती त्याखाली बसली होती. साडेतीनला तिनं एक राउटर विकला. चारला खालून भजी मागवली आणि मिरची तिखट निघाली म्हणून हसली. पाचला आईशी फोनवर लग्नातल्या साडीबद्दल बोलली. त्या तीन तासांतलं काही विसरावं म्हटलं तर विसरता येत नव्हतं; मिरचीची चवसुद्धा जिभेवर होती. नुसतं वर बघायचं होतं, आणि तिनं वर बघितलं नव्हतं.

कोंबडा दर दहा मिनिटांनी आरवत होता. तिनं स्पीकरचा आवाज शून्य केला. नवी आवृत्ती हुशार, तिनं तो आपणहून पुन्हा वर नेला.

"भाविका, हे जुनं नाव का वाजतंय?" तिनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"अच्छा, ते. जुन्या आवृत्तीतले म्यूट नव्यात येत नाहीत, बेन. पण काही हरवलं नाही हां. 'न आलेले' म्हणून एक यादी आहे, उघडा. कोणी म्यूट केलं, केव्हा केलं, सगळं मिळेल."

रंजितानं यादी उघडली. यादीत एकच ओळ होती. नवनीत. म्यूट कोणी केलं: रंजिता. दुपारी २:५२. मुदत: कायमची. तारीख तीच.

अकरा महिने ही ओळ कुठेतरी पोटात घेऊन ते जुनं सॉफ्टवेअर चालत राहिलं होतं आणि दगाबाज म्हणून नाव मात्र त्याचं झालं होतं.  

"पुन्हा म्यूट करा ना," भाविका म्हणाली.

तिनं केलं. चौकट उघडली: कारण लिहा. जुन्यात कारण विचारत नव्हते. ती रिकाम्या चौकटीकडे बघत बसली. काय लिहायचं? माणूस मेला आहे? कोंबडा आरवला तेव्हा ती अजून बघतच होती.

जेवण आटोपून धर्मेंद्रभाई जिना चढून आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "खालपर्यंत ऐकू येतंय. नवनीतचाच ना हा?" टीव्हीकडे बघून ते क्षणभर थबकले, मग खुर्चीत टेकले. "काढून टाक बेटा ते नाव. केव्हाच काढायला हवं होतं. गेलेल्या माणसाला असं टांगून ठेवू नये."

भाविकाही फोनवर तेच म्हणाली. डिलीट करा, एका क्लिकचं काम. त्या नावाचा सगळा इतिहास जाईल, ती जुन्या म्यूटची ओळही जाईल, स्क्रीन स्वच्छ.

म्हणजे मालक सांगतोय, कंपनी सांगतेय, आणि दैवही म्हणतंय की बाई, घे सुटका. असा योग माणसाला आयुष्यात कितीदा येतो? रंजितानं डिलीट दाबलं. खात्री आहे का, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. या वेळी कारण विचारलं नाही. 'होय' वर तिचं बोट होतं. एकदा 'होय' म्हटलं की जगात फक्त तिलाच माहीत राहणार होतं, आणि तिला तर अकरा महिने माहीत होतंच, त्यानं काय अडलं होतं? ती धर्मेंद्रभाईंसमोर बसून हा हिशेब करत होती आणि तिला स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. भाग्येश.

भाग्येशला भावाच्या जागी घेतलं होतं. बावीस वर्षांचं पोर, पण भावापेक्षा शिस्तीचं. डबी काढण्याआधी फोन म्हणजे फोन. सकाळपासून तो विसरवाडीच्या पुढे, हायवेपलीकडच्या पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावर होता. टीव्हीवर त्याचं नाव हिरवं होतं.

"ताई," तो म्हणाला. मागे ट्रक जात होते. "ताई, मन्हा मोबाईलवर भाऊनं नाव उनं. कोंबडा बी वाजना."

नवी आवृत्ती लाईनमनांच्या मोबाईलवरही भोंगे पाठवत होती. हे भाविकानं सकाळी सांगितलं होतं, कौतुकानं.

"अपग्रेडमुळे, भाऊ," रंजिता म्हणाली. "जुनं नाव शे ते. मी काढी ऱ्हायनी."

"ते समजनं मले." तो म्हणाला. "पन एक सांग. नाव तेच, कोंबडा तोच. मग त्या दिन का बरं वाजना नही?"

धर्मेंद्रभाई समोर बसून चष्मा पुसत होते. 'खात्री आहे का' ची चौकट पडद्यावर तशीच उघडी होती. रंजिताला वाटलं, आपण म्हणू की नवं सॉफ्टवेअर चांगलं आहे. वाक्य ओठांवर आलं होतं. पोरानं ते मानलंही असतं. तो तिला सख्ख्या बहिणीसारखा मानायचा, तिचं काय मानलं नसतं त्यानं?

"सॉफ्टवेअरनी चूक नव्हती, भाग्येश," ती म्हणाली. "मी त्याना आवाज बंद करेल व्हता."

धर्मेंद्रभाईंचा चष्मा पुसणारा हात थांबला.

"बाजारना दिन व्हता. सकायपाशी तीनदा वाजेल व्हता. मी वैतागी गऊ आनि बंद करी टाका. एक तासना करता करनं व्हतं, कायमना व्हयी गया. त्यानं नाव मन्हा डोकावर लाल व्हतं, भाऊ. मी वर देखंच नही. आनि मंग कोनले सांगं नही."



"तुले तवयच माहीत व्हतं?" भाग्येशनं विचारलं. "मायना समोर बठेल व्हती तवय?"

"हाव."

फोन बंद झाला. रंजितानं चौकटीत 'नाही' दाबलं. धर्मेंद्रभाई काहीतरी म्हणाले, बहुधा तिचं नाव घेतलं, पण तिचं लक्ष टीव्हीवर होतं, कारण भाग्येशचं नाव लाल झालं होतं.

ऑफिसला फोन न करता भाग्येशनं कधीच डबी काढली नव्हती. एकदाही नाही. तिनं घड्याळ बघितलं: दोन वाजून चार मिनिटं. दहा मिनिटांची वाट बघायला तिला वेड लागलं नव्हतं. तिनं लगेच फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. टीव्हीवर खाली नवनीतचं नाव लाल, वर भाग्येशचं लाल. दोन भावांची नावं एकाखाली एक, आणि त्या क्षणी तिला नक्की वाटलं की हे आधीही झालंय, हेच, असंच, फक्त तेव्हा ती भजी खात होती.

"मी चालले," ती धर्मेंद्रभाईंना म्हणाली, आणि जिन्यावरून उतरताना तिसऱ्यांदा फोन लावला. वरून कोंबडा आरवला. तो बंद करायला ती थांबली नाही.

खांडबारा ते विसरवाडी रस्ता काही लांब नाही, पण त्या दुपारी तो संपेना. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी अशी सावकाश गेली की रंजितानं मोठ्यानं, चारचौघांत, तिला शिवी हासडली. फाटकात थांबून तिनं दोनदा फोन लावला. पुढे मोहाच्या झाडांखाली बायका फुलं वेचत होत्या, त्यांनी मान वर करून स्कूटीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांपुढे रस्ता नव्हताच. दादरचं शेत होतं, जे तिनं कधी पाहिलं नव्हतं आणि अकरा महिने रोज पाहत होती. त्यात पडलेल्या माणसाला आज भाग्येशचं तोंड होतं. देवा, हे एवढं नको, ती म्हणत होती, माझं काय करायचं ते कर पण हे नको. विसरवाडीच्या चौकात ट्रकांची रांग लागली होती. तिनं स्कूटी ढाब्याच्या अंगणातून घातली, कुणीतरी ओरडलं, ती हायवे ओलांडून टाकीच्या कच्च्या रस्त्याला लागली आणि चालत्या गाडीवरच पुन्हा फोन लावला. या वेळी तिला त्याची रिंग ऐकू आली, पुढून, खांबाच्या बाजूनं.

भाग्येश खांबाला पाठ टेकून खाली बसला होता. पाय लांब केलेले, हेल्मेट मांडीवर, मान खाली. रंजितानं स्कूटी टाकून दिली. पडत-धडपडत ती त्याच्यापाशी पोचली आणि त्याचे खांदे धरून हलवले.

"भाग्येश! लागनं का तुले? पडना का?"

त्यानं मान वर केली. कुठे खरचटलेलंही नव्हतं. डोळे मात्र सुजून लाल झाले होते. डाव्या हातात डबी होती, उजव्या हातात मोबाईल, आणि तो अजून वाजत होता.  ती त्याच्यासमोर मातीत बसली आणि तिला एकदम रडू फुटलं, आवाज करून, लहान पोरांसारखं. पोर जिवंत होतं. तिला वाटलं आता त्यानं मारलं तरी चालेल.

भाग्येशनं तिला रडू दिलं. मोबाईल आपोआप वाजायचा थांबला.

"पडना नही मी," तो म्हणाला. "डबी मीच काढी."

"फोन वाजी ऱ्हायंता ना?"

"हाव. सहा येळा वाजना. समदा ऐकात मी."

"मग काबर उचला नही रे?"

 तिनं पदर नव्हता म्हणून ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली की ती आत्ता इथूनच धानोऱ्याला जाईल, दगूबाईला सगळं स्वतःच्या तोंडानं सांगेल, त्यांनी दारात उभं केलं नाही तर दाराबाहेरून सांगेल. भाग्येशनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. तो मोबाईलच्या पडद्यावरचं घड्याळ बघत होता.

"मले देखनं व्हतं," तो म्हणाला, "ऑफिसपाईन आठे, या खांबपर्यंत, येवाले कितला टाइम लागस."

रंजितानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं मोबाईल उलटा करून तिच्यासमोर धरला. दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटं झाली होती.

"चाळीस मिनिट लागनात," भाग्येश म्हणाला. "भाऊ तीन तास जित्ता व्हता."